माझ्या वाढदिवसाचा केक

रायपूर, रविवार संध्याकाळ

केकचा तो तुकडा अजून बशीतच आहे. टाकवत नाही.

भाचा बंटी महापालिकेत पार्षदाच्या निवडणुकीला उभा आहे. पंडरी बाजारातल्या एका शेठने आज त्याच्या कार्यकर्त्यांना जेवण दिलं. ते हिशेबात दाखवलं तर खर्चाची मर्यादा ओलांडते. "मावशी, तू फक्त केक काप. वाढदिवसाचं जेवण कोण मोजून राहिलं?"

कापला. का कापला?

निवडणूक खर्चाच्या तपासणीला आलेल्या पोरीने विचारलं, "आंटी, सच में आपका जन्मदिन है?"

कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरपुढे साधी थाप मारता यायची नाही मला. आज हसून म्हटलं, "हाँ बेटा."

तिने सोबतच्या कॅमेरावाल्याला थांबवलं, वाकून माझ्या पाया पडली. मी तुकडा पुढे केला. "नहीं आंटी, ड्यूटी पर कुछ नहीं लेते."

तोच तुकडा.