शेवटच्या ओव्हरचा माणूस

गुरुजी, तुम्ही जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमच्या घराच्या जागी पतसंस्था उभी आहे, आणि तुमच्या वर्गातली निम्मीअधिक पोरं तुमच्याकडेच येऊन पोचली आहेत. मी अजून इकडेच आहे. इकडे म्हणजे सध्या मस्कतला, दार्सैतमध्ये, मुलाच्या दोन खोल्यांत. तो कामावर गेला की मी गॅलरीत खुर्ची टाकून बसतो. समोर मोठा डोंगर आहे, पण त्यावर गवताची काडी नाही. तुम्ही शिकवलेल्या सगळ्या कविता मनातल्या मनात म्हणून पाहिल्या. या डोंगराला एकही बसत नाही. आयुष्यभर एसटी स्टँडवर भोंग्यातून पुकारून दुसऱ्यांच्या गाड्या सोडल्या, तेव्हाही दोन गाड्यांच्या मध्ये मी तुमच्याच कविता पुटपुटत असायचो. सवय गेली नाही.

मुलगा काय करतो, असं तुम्ही विचारलं असतंत तर मी गडबडलो असतो. कागदावर तो स्टोअरकीपर आहे. खरं म्हणजे तो बोलर आहे. इथे कंपन्यांच्या क्रिकेटच्या टीम असतात, शुक्रवारी सामने होतात, आणि टीमला हवा असलेला माणूस कंपनी काहीतरी नोकरी देऊन आणते. हा आधी टाइल्सवाल्यांकडे होता, मग एसीवाल्यांकडे, मग कॅन्टीन चालवणाऱ्यांकडे, आता इथल्याच गाला भागात, गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्या कंपनीत. टोपीचा रंग बदलतो, काम तेच. सामना शेवटाला आला, समोरचे फटके मारत सुटले, बाकीचे बोलर मागे सरायला लागले, की चेंडू याच्या हातात. नवा करकरीत चेंडू याच्या वाट्याला कधी आला नाही. जिंकलं तर हार शतक मारणाऱ्याच्या गळ्यात, हरलं तर ‘शेवटची ओव्हर कोणी टाकली?’ अशी चौकशी. आता अडतिशी गाठलीय. तेलाचे भाव पडल्यापासून कंपन्या माणसं कमी करतायत. याचा करार सीझनबरोबर संपत होता. शेवटच्या सामन्यात चांगलं टाकलं तर आणखी एक वर्ष, नाहीतर घरी. गावी सून आहे, नात आहे. नातीला बाप म्हणजे फोनमधला अडकत अडकत बोलणारा चेहरा. मला तो घरी यायला हवा होता, हे आधीच सांगून ठेवतो.

तुम्हाला आपल्या शाळेचं ते स्नेहसंमेलन आठवतं का? सरपंचांचा मुलगा कविता म्हणतोय, मी पडद्यामागे सतरंजीवर बसलोय. शेवटच्या कडव्याला तो अडकतो. लोक खोकतात, मागे कोणीतरी हसतं. तुम्ही माझ्या पाठीत बोटं रुतवून मला पुढे ढकलता, आणि मी ते कडवं पडद्याआडूनच म्हणून टाकतो. बक्षीस अर्थातच त्याला मिळालं. मी तोंड फुगवून बसलो तेव्हा तुम्ही केवढे तापला होतात! “कविता पुरी झाली ना? मग तुझं काय राहिलं रे?” पुढे हे मी मुलाला कितीदा ऐकवलं. गावोगावच्या टेनिस बॉलच्या स्पर्धांतून तो रिकाम्या हाताने घरी यायचा तेव्हा ऐकवलं. त्याने ते मनावर घेतलं. मी मात्र इथे आल्यापासून देवळात कोणी विचारलं की सांगतो, मुलगा पर्चेसला आहे.

तर तो शेवटच्या सामन्याचा शुक्रवार. मैदान म्हणजे खडीचं पटांगण, मध्ये सिमेंटची पट्टी, तिच्यावर काथ्याची चटई. मी मंडपात बसलो होतो. शेजारी पुण्याचे एक गृहस्थ, माझ्याच वयाचे, डोक्यावर पांढरी हॅट, मांडीवर वेफर्सचं पाकीट. ते पाकीट पुढे करत म्हणाले, “आपला ओपनर पाहिलात ना मघाशी? आमचे चिरंजीव. सीए आहे, अकाउंट्सला. हे आपलं हौस म्हणून.”

“वा,” मी म्हटलं.

“नाहीतर हे बाकीचे! तो बघा, बाउंडरीच्या दोरीजवळ उभा केलाय. पळवत नाही, म्हणून चेंडू येत नाही तिथे ठेवलाय. दर दोन वर्षांनी नवी कंपनी. अहो, यापेक्षा घरजावई बरा, तो निदान एका घरी टिकतो!” आणि स्वतःच खदखदून हसले.

गुरुजी, मीही हसलो. वेफर तोंडात होता, तरी हसलो. दोरीजवळ उभा होता तो माझा मुलगा, आमच्याकडे पाठ करून, तुमच्या टेबलापासून पहिलं बाकडं असायचं तेवढ्याच अंतरावर.

“आपलं कोण खेळतंय?” त्यांनी विचारलं.

“कोणी नाही,” मी म्हटलं. “इथेच उतरलोय जवळ. सहज आलो.”

मुलाने टोपी काढली, घाम पुसला, पुन्हा घातली. वळून पाहिलं नाही.

शेवटच्या ओव्हरला समोरच्यांना आठ धावा हव्या होत्या. कप्तान विशीतला मल्याळी पोरगा, त्याने हात वर करून हाक मारली, “यल्ला चाचा, आ जाओ! खलास करो!” चाचा! माझ्या मुलाला! तो खांदा चोळत, कसलीही घाई न करता चालत गेला. पहिल्याच चेंडूवर चौकार बसला. “घ्या! आटपलं,” गृहस्थ म्हणाले. मग एक धाव. मग तीन चेंडू त्याने असे पायात टाकले की फलंदाजाला बॅट नुसती खाली आपटता आली. मंडप उभा राहिला. शेवटच्या चेंडूवर तीन हव्या होत्या, आणि तो धावत निघाला तेव्हा मी डोळे मिटून म्हणत होतो, देवा, जाऊ दे हा, डोक्यावरून जाऊ दे, लांब जाऊ दे, आणि हा घरी येऊ दे. डोळे उघडले तर मधली दांडी आडवी होती. लोक नाचत होते. गृहस्थांनी मला मिठी मारली. माझ्या टाळ्या सगळ्यांच्या नंतर सुरू झाल्या.

तो थेट माझ्यापुढे येऊन उभा राहिला. “ऊन नाही ना लागलं?”

गृहस्थ एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघायला लागले. “अरे, तुमची ओळख आहे वाटतं?” मी तोंड उघडलं. पण तोच हसून म्हणाला, “आमच्या गावचे आहेत. मीच सोडतो ह्यांना दार्सैतला.” ह्यांना! माझी पाण्याची बाटली उचलली आणि पुढे चालू लागला.

गाडीत म्हणाला, “अर्बाब स्वतः येऊन हात मिळवून गेला. म्हणाला, इन्शाल्ला, पुढच्या वर्षी पण.” अर्बाब म्हणजे मालक. मी म्हटलं, “बरं झालं.” त्याने गाडी मवालेहच्या भाजीबाजाराकडे घेतली, मला शेवग्याच्या शेंगा आवडतात म्हणून. तिथला बांगलादेशी भाजीवाला त्याला ओळखत होता. “ये कौन है, भाई?” त्याने विचारलं. मुलाने माझ्या खांद्यावर हात ठेवला, तोच बोलिंगचा हात, आणि सगळ्या गाळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला, “बाबा हैं मेरे! गाँव से आये हैं.” भाजीवाल्याने मला सलाम केला आणि पिशवीत वरून चार लिंबं टाकली. मी शेंगा निवडत राहिलो. आधीच निवडलेल्या पुन्हा निवडल्या.

हे पत्र तुम्हाला पोचणार नाही, आणि ज्याला पोचायला हवं तो संध्याकाळी याच खोलीत जेवायला बसेल. परवा माझं विमान आहे. त्या दिवशी दोरीजवळ त्याला किती ऐकू आलं, हे मी अजून विचारलेलं नाही. विचारलं तर तो म्हणेल, “काही नाही हो बाबा.” आणि ते खरं मानायला मला एक क्षणही लागणार नाही.