कस्तुराबाईची वाटी

५ मे २०२५, सोमवार

यांनी आज माझ्याकडून कोठीच्या खोलीची किल्ली काढून घेतली! सासूबाईंनी दिल्यापासून ती माझ्या कमरेला आहे. टीव्हीवर युद्धाचं वारं सुरू झालं आणि यांच्या अंगात आलं. "घराच्या रसदीची जिम्मेदारी आता माझी. सरकारी गोदाम सांभाळलंय मी!"

सांभाळलं, खरंय. उंदीर पोत्यात आणि हे खुर्चीत. पण रिटायर झाल्यापासून आमच्या पालम गावात यांना कुणी काही विचारत नाही, ते मला दिसतं. म्हणून दिली किल्ली. वाद घालत बसले असते तर दळण राहिलं असतं.

गंमत म्हणजे यांना हे आत्ता सुचतंय! ज्वारी, तूरडाळ, काळा मसाला, लोणचं, पापड, कुरडया — वर्षाचं सगळं मी दर उन्हाळ्यात भरून ठेवते. पाकिस्तानला न विचारता. आणि मीठ कुठल्या डब्यात असतं हे या माणसाला अजून माहीत नाही.

६ मे, मंगळवार

दिनकररावांच्या दुकानातून हातगाडा आला. दुकानात उरलेलं साखरेचं एकुलतं एक पोतं आणि बाकी सगळं मीठ! घरात आम्ही दोघं. त्यात यांना बीपी. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय. "आप्पा, समुद्र बी सोबत पाठवू का?" असं दिनकरराव म्हणाले म्हणे. यांना तो टोमणा आहे हे कळलंच नाही, घरी येऊन कौतुकानं सांगितलं.

संध्याकाळी वाईट झालं. शेजारची कस्तुराबाई तिची पितळी वाटी घेऊन आली, साखर उसनी मागायला. मी कणीक मळत होते, हात भरलेले. दारात हे उभे.

"युद्ध हाय. उसनवारी बंद!"

आणि वाटी तशीच तिच्या हातात दिली. रिकामी!

आमच्या गल्लीत शेजारणीचं भांडं रिकामं परत जात नाही. साखर नसली तर गुळाचा खडा टाकायचा, गूळ नसला तर परसातला कढीपत्ता, काहीच नसलं तर ज्वारीचे दोन दाणे. मी लग्न होऊन आले तेव्हापासून ती वाटी या दारातून त्या दारात फिरतेय. कुणाचं काय कुणाकडे राहिलं ते तिलाही आठवत नाही आणि मलाही नाही. ते आठवायचंच नसतं. हे मात्र म्हणतात, "साठा म्हंजे साठा. नियम सगळ्यांला सारखा."

मी कणकेच्या हातानं बाहेर पळाले. तिचं दार लागलं होतं.

७ मे, बुधवार, सकाळ

युद्ध सुरू झालं. यांनी दाढी केली.

७ मे, संध्याकाळ

मोठमोठ्या शहरांत आज ब्लॅकआउटचा सराव होता. यादीत परभणी जिल्ह्याचं नावच नाही. यांना तो स्वतःचा अपमान वाटला. "आपल्याला कुणी मोजीतच न्हाई!" मग गल्लीपुरता सराव यांनीच जाहीर केला. शिट्टी घेऊन निघाले, एकदा वाजवली — आणि नेमकी लाइट गेली. पालमला जाते तशी. हे अंधारात छाती काढून उभे! "बघितलं? एका शिट्टीत!"

लाइट आली. यांनी परत शिट्टी मारली. आता कोण कूलर बंद करतंय या उन्हाळ्यात? सगळी गल्ली लखलखीत. फक्त कस्तुराबाईच्या घरात अंधार, खिडकीतून देवापुढची समई तेवढी दिसत होती.

"ती एकटी खरी देशभक्त," हे म्हणाले.

देशभक्त कसली, फुगलीय ती! आणि फुगू नये तर काय करावं? तिचा योगीराज फौजेत आहे. नगरला, मेसमध्ये स्वयंपाकी. अख्ख्या पलटणीला तो जेवू घालतो आणि त्याच्या आईला आम्ही वाटीभर साखर दिली नाही. मला लाज वाटते.

८ मे, गुरुवार

कुरडया. गव्हाचा चीक मीच शिजवला, मीच घोटला, सोऱ्याही मीच दाबला. दंड भरून आलेत. दर वर्षी सोऱ्या दाबायचं काम कस्तुराबाईकडे असतं. सकाळी दोन हाका मारल्या. आतूनच म्हणाली, "डोकं दुखायलंय वयनी." दार उघडलंसुद्धा नाही. हिचं डोकं दुखलेलं मी आजवर ऐकलेलं नाही.

गच्चीवर पांढरी धोतरं अंथरून कुरडया घातल्या तर हे धावत वर. "पांढरं हाय! विमानातून दिसतंय!"

म्हटलं, दिसू दे. कुरडया बघून कोण बॉम्ब टाकतं?

ऐकतात कुठे. सगळं खाली आणून चिंचेच्या सावलीत घालायला लावलं. पाकिस्तान आलं नाही, कावळे आले. थव्यानं! यांची शिट्टी कावळ्यांना लागू पडत नाही. उरल्या त्या सावलीत आंबल्या. घरभर वास सुटलाय आणि हे म्हणतात, युद्धात नुकसान व्हायचंच.

९ मे, शुक्रवार

चहात साखर अर्धी, असा हुकूम. मी यांच्या कपात अजिबात घातली नाही. एक घोट घेतला, कप खाली ठेवला. थोड्या वेळानं कोठीच्या कुलपाचा आवाज. बाहेर आले तर मिशीला साखर! "साठा तपासायलो होतो."

हसू आलं, पण टिकलं नाही. कस्तुराबाई सकाळच्या एसटीनं पोखर्णीला गेली, नरसिंहाच्या दर्शनाला. एकटी! मला विचारलंसुद्धा नाही. आम्ही दोघी कायम जोडीनं जातो, खिडकीच्या जागेवरून भांडत. मी अंगणात उभी होते. ती समोरून गेली, माझ्याकडे बघितलं, आणि बघितलंच नाही असं गेली.

मी रडले. एका वाटीपायी! लेक शिवानी पुढच्या महिन्यात बाळंतपणाला येतेय. शिवानीला पहिली आंघोळ कस्तुराबाईनं घातली होती, स्वतःच्या मांडीवर घेऊन. आता तिच्या लेकराला कोण घालणार? यांना विचारलं. म्हणाले, मीठ भरपूर आहे.

१० मे, शनिवार

थांबलं! संध्याकाळी टीव्हीवर सांगितलं. बसवण्णापुढे हात जोडले, बरं झालं बाई.

हे आधी खूश झाले. मग कोठीत जाऊन पोती मोजून आले. म्हणाले, "मग मिठाचं काय करायचं?" दिनकरराव परत घेत नाहीत. किल्ली माझ्यापुढे ठेवली, गोदामाचा चार्ज द्यावा तशी. शिट्टीही ठेवली. मला जरा वाईटच वाटलं यांचं.

दोन देशांचं मिटलं. आमच्या दोन दारांचं कोण मिटवणार? उद्या मीच जाते. साखरेचा डबा घेऊन जाते, पाया पडायला लागलं तरी पडते. ती माझ्याहून लहान आहे, तरी पडते.

११ मे, रविवार, नरसिंह जयंती

डबा भरत होते तेवढ्यात तीच दारात. हातात वाटी. डोळे सुजलेले, आणि हसतेय!

"फोन लागला वयनी, योग्याचा! बुधवारपासून लागतच नव्हता."

"नगरला फोन लागत नव्हता?"

"नगरला कुठं हाय त्यो? कवाच धाडलं त्याला जम्मूकडं, पार सरहद्दीला. आई, कुनाला सांगू नको म्हनला. तुमच्या तोंडाकडं बघितलं असतं तर सांगून बसले असते मी. म्हून दारच लावून घेतलं."

मला विचारायचं नव्हतं, पण विचारलं. मंगळवारी साखर कशाला पाहिजे होती?

"नरसिंहापुढं ठेवायला. घरातली संपली व्हती, दुकानात मिळंना — सगळी कुनीतरी उचलली म्हनं. तशीच गेले मग. त्याला म्हनलं, पोरगं जित्तं ठिव, साखर मागून आनते."

हे आतून ऐकत होते. बाहेर आले. तिच्या हातातून वाटी घेतली आणि किल्लीसाठी स्वतःचे खिसे चाचपत राहिले. किल्ली माझ्या कमरेला. मी दिली तशी कोठी उघडून पोतंच बाहेर ओढलं.

तिघं पोखर्णीची एसटी गाठायला निघालोय. वाटी कस्तुराबाईच्या हातात, भरलेली. साखरेचं पोतं यांच्या खांद्यावर. चार पावलं चालतात, टेकवतात, परत उचलतात. कुणाला हात लावू देत नाहीत.