देव्हाऱ्यातला राऊटर

२ एप्रिल, सकाळी
डोकं फिरलंय म्हणून ही वही उघडली. बोलून दाखवायची सोय नाही, घरात मीटिंग चालू असते.

मीटिंग पुनमची. आमची एकुलती एक. पुण्याच्या कंपनीत लागली, काम कायम घरूनच, पण पहिला महिना ट्रायल. कंपनीने लॅपटॉप कुरियरने पाठवला. त्या दिवशी अख्ख्या गल्लीला सांगून आलो की पोरगी नोकरीला लागली आणि लातूर सोडून कुठे जायचीही नाही. आणि काल मीटिंगमध्ये तिचा चेहरा तोंड उघडं ठेवून अडकला. दोनदा. तिचे साहेब म्हणाले, नेट सुधारा, नाहीतर अवघड आहे.

यावर पुनमचा उपाय काय, तर नांदेडला बजरंगमामाकडे जाऊन राहते. बजरंग माझा मेहुणा. या माणसाचं सगळंच चांगलं असतं. नेट चांगलं, रस्ता चांगला, नळ चांगला. गोदावरी यानेच खोदल्यासारखा बोलतो.

निश्चय: पुनम या घरातून हलणार नाही. नेट मी दुरुस्त करणार. पाटबंधारे खात्यात उभी हयात गेली. टेबलावर गेली असेल, पण पाटबंधाऱ्यात गेली. कॅनॉलला पाणी सोडणं आणि तारेतून नेट सोडणं, दोन्हीकडे मागून दाब लागतो.

ता. क. काल नळ आला होता. सगळे ड्रम काठोकाठ भरले. तेवढं एक काम या घरात नीट होतं, कारण ते मी करतो.

४ एप्रिल
कस्टमर केअरला फोन लावला. आधी बराच वेळ बासरी ऐकवली. मग एक मुलगी म्हणाली, सर, राऊटर बंद करून चालू करा. मी विचारलं, एवढंच शिकलात का? ती म्हणाली, सर, बंद करून चालू करा. आमच्या खात्यात बंद केलेली फाईल कुणी परत चालू केली असती तर त्याची चौकशी लागली असती.

बंद करून चालू केला. काही फरक नाही. तक्रार नंबर दिलाय. तो काय चाटायचा?

५ एप्रिल
दोष लॅपटॉपचा आहे. माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं.

पुनम आंघोळीला गेल्यावर उघडून बसलो. आत ‘टेम्पररी’ नावाचा ढीगभर कचरा. टेम्पररी आहे तर ठेवायचा कशाला? आमच्या खात्यात टेम्पररी माणसं रिटायर होईपर्यंत राहिली, म्हणूनच खातं बसलं. सगळा उडवला. शेजारी पुनमच्या नावाचा एक फोल्डर होता, त्यातही बरंच जुनं दिसलं, तेही उडवलं.

त्यात तिचा आठवड्याचा रिपोर्ट होता म्हणे. रडली. जेवली नाही. मोठं काम करताना थोडं नुकसान होतं, हे तिला पुढे कळेल. यापुढे लॅपटॉपला हात लावायचा नाही असं तिने मला सांगितलं. मी तसंही लावणार नव्हतो.

८ एप्रिल
नेट सुसाट! अडकणं नाही, गोल फिरणं नाही. शेवटी माझ्या साफसफाईचाच गुण आला. पुनमला म्हटलं, बघ. ती म्हणाली, हं.

बजरंगला फोन करून सांगितलं की लातूरचं नेट आता नांदेडच्या पुढे गेलंय. तो म्हणाला, दाजी, चांगलंच हाय की. त्याच्या आवाजात जळफळाट स्पष्ट होता.

सिंधु, म्हणजे आमची मंडळी, सकाळपासून ड्रम ठोकून बघतेय. बहुतेक रिकामे झालेत, नळ कधी येणार कोण जाणे. तिला म्हटलं, जगात आज आनंदाची गोष्ट घडलीय आणि तुझं लक्ष पाण्यात.

१० एप्रिल, दुपारी
पहाटे नळ आला. ड्रम भरले, टाकी भरली, बादल्या, घागरी, तांबेसुद्धा. भरून घामाघूम होऊन बसलो तर पुनम म्हणाली, पप्पा, नेट गेलं.

तळपायाची आग मस्तकात गेली. दोन दिवस सुसाट आणि आज मेलेलं, याचा अर्थ एकच. चोरी. कुणीतरी आमचं नेट ओढतंय. आणि भिंतीला भिंत लागून कोण आहे? खाजाभाई, गाद्या भरणारा. तडक त्याच्या दुकानात गेलो. तो कापूस पिंजत होता. जरा मोठ्यानेच बोललो असेन. त्याने मशीन बंद केली, मला बसायला उशी दिली आणि म्हणाला, "साहेब, आमच्याकडं आमचं हाय. तुमचं घेऊन काय करू? ते तुमचं तुम्हालाच पुरंना."

त्याची बायको बानो आतून हसली. उशी परत द्यायची राहिली, बगलेत घेऊनच घरी आलो. त्याने दिली होती का नुसती बसायला, कळलं नाही.

तरी पासवर्ड बदलला. असा ठेवला की खाजाच काय, मिलिटरीला सापडणार नाही.

११ एप्रिल
पासवर्ड मलाही सापडत नाहीये.

आत्याचं नाव होतं एवढं नक्की. पुढे तिच्या गावाचा पिनकोड की सासरचा, यात गोंधळ आहे. पुनमची सकाळची मीटिंग गेली. शेवटी सिंधुच्या बांगडीतली सेफ्टी पिन काढून राऊटरच्या मागच्या भोकात खुपसली, तर त्याचे सगळे दिवे एकदम विझले. केबलवाल्याचा माणूस बोलवावा लागला.

तो माणूस दहा मिनिटांत सगळं नीट करून वर म्हणाला, काका, राऊटर पुढच्या खोलीत घ्या, वायर वाढवून देतो. मी साफ नाही म्हणालो. आमचा राऊटर मागे स्वयंपाकघरात, देव्हाऱ्याच्या बाजूच्या फळीवर आहे. दसऱ्याला कनेक्शन घेतलं तेव्हा मी स्वतः त्याला हळद-कुंकू वाहिलं, झेंडू घातला, नारळ फोडला. रीतसर बसवलेली वस्तू उचलून बैठकीत ठेवायची म्हणजे काय? उद्या म्हणाल गणपतीपण सोफ्यावर ठेवा. पोराने खांदे उडवले आणि गेला. हल्ली कुणाला कशाचं काही नाही.

१२ एप्रिल
पुनम आज लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात राऊटरखाली बसली. मला कुणी सांगितलं नाही. मी रोजच्या वेळेला पंचा नेसून पूजेला आलो, घंटा वाजवली, आरती म्हटली. शेवटी वळलो तर स्क्रीनवर बाराजण हात जोडून बसलेले. एक बाई म्हणाली, अंकल, प्रसाद?

पुनम म्हणतेय पुन्हा मेली तरी तिथे बसणार नाही. मोबाईलवरून नेट घ्यावं तर आमच्या गल्लीत रेंजची एकच कांडी. मी म्हटलं बाराजणांना पुण्य मिळालं, त्यांनी आभार मानायला पाहिजेत.

१७ एप्रिल
गेले दोन दिवस नेट परत उत्तम. पासवर्डचा परिणाम. खाजाचं तोंड बघण्यासारखं असेल. (त्याने आज हाक मारून ताक दिलं. साळसूदपणा.)

पण जेवताना सिंधुने वाद काढला. म्हणते, "अवो, डरम भरले की तुमचं नेट जातंय. रिकामे झाले की येतंय. मी तवापासून बघायले."

घास हातात राहिला. ज्या माणसाने आयुष्यभर पाण्याच्या फाईली हलवल्या त्याला त्याच्याच ताटावर पाण्याबद्दल ऐकवायचं! मधली खोली मी पाण्याला दिलीय. वेल्डिंग करून घेतलेला स्टँड, खाली ड्रम, वर ड्रम, दारापासून खिडकीपर्यंत, माणसाच्या डोक्याएवढी उंच भिंतच. उन्हाळ्यात गल्ली टँकरच्या मागे धावते, आम्ही नाही. रचना माझी. मागे स्वयंपाकघर, पुढे बैठक, मध्ये पाणी. आणि ही म्हणते हेच पाणी नेट अडवतं.

पुनमने लॅपटॉप वळवून दाखवला, तिथेही लिहिलं होतं की भरलेल्या पाण्यातून नेटच्या लहरी जात नाहीत. मी म्हटलं, ते तिकडच्या पाण्याचं असेल. आपलं पाणी वेगळं. दोघी एकमेकींकडे बघून ताटं उचलायला लागल्या. पटलं असावं.

१९ एप्रिल
पहाटे नळ, दुपारी नेट बंद. निव्वळ योगायोग.

सिंधुच्या नजरेला नजर न देता गंजगोलाईच्या बाजारात गेलो आणि नेटचा जोर वाढवणारा बूस्टर आणला. पांढरी डबी, दोन शिंगं. बैठकीत लावला. तिन्ही दिवे हिरवे लागले. पुनम म्हणाली, पप्पा, स्पीड तेवढाच आहे. मी म्हटलं, दिवे तर लागले. वस्तूला घर ओळखायला वेळ द्यावा लागतो.

२४ एप्रिल
पुनमच्या मोठ्या साहेबांची मीटिंग २७ला. तीच ट्रायलची परीक्षा. आज तिने हळूच विचारलं, दोन दिवस नांदेडला जाऊ का? फक्त मीटिंगपुरती.

मी इतका चिडलो की चष्मा पडला. बापाच्या घरात नेट नाही म्हणून मामाच्या दारात? बजरंग ते आयुष्यभर सांगत फिरेल. तिला म्हटलं, तुझा बापावर विश्वास नाही का? तिने चष्मा उचलून हातात दिला. मग म्हणाली, बरं पप्पा, राहते.

नेट आज छान चालतंय. हीच संधी साधून नवा ड्रम आणला, सगळ्यात मोठा. रचनेत दाराजवळ एक फट होती, ती मला कायम डोळ्यांत खुपायची. बरोबर बसला. आता पाण्याची भिंत पूर्ण झाली.

२७ एप्रिल, सकाळी १०
नळ आला! सगळं भरलं, नवा ड्रमही. शुभशकुन. सगळ्यांचे मोबाईल बंद करायला लावले. राऊटरला ताजं फूल वाहिलं. बूस्टरला पण.

२७ एप्रिल, संध्याकाळी
पेन्सिलचं टोक दोनदा मोडलं. रागाने.

मीटिंग सुरू झाली. मी बैठकीच्या दारात उभा. पुनमने तोंड उघडलं आणि अडकली. साहेब विचारत होते, हॅलो, पुनम, आर यू देअर? ती खुर्ची सोडू शकत नव्हती. तिने नुसतं माझ्याकडे बघितलं. रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं.

मी बूस्टर हलवत होतो तेवढ्यात मधल्या खोलीत धबाधबा आवाज आला. गेलो तर सिंधुने सगळ्या तोट्या सोडलेल्या, आणि माझा नवा ड्रम खांदा लावून आडवा करत होती. लातुरात, एप्रिलमध्ये, भरलेला ड्रम! पाणी उंबऱ्यावरून अंगणात, अंगणातून नालीत. मी ओरडलो. आयुष्यात तिच्यावर एवढा ओरडलो नसेन. ती थांबली नाही. पदर खोचत म्हणाली, "पाणी आठ दिवसांनी परत येतंय. लेक गेली तर येती का?"

बानो आणि गल्लीतल्या बायका घागरी घेऊन धावल्या. खाजाने गादीच्या खोळी बाजूला फेकून दोन पिंपं लावली. मी पायजमा वर धरून पाण्यात उभा होतो आणि बैठकीतून पुनमचा आवाज यायला लागला. सलग. न अडकता. शेवटपर्यंत.

बूस्टरला घर ओळखायला आठ दिवस लागले. वेळ लागतो, हे मी आधीच लिहून ठेवलं आहे.

१ मे
पुनम पास! नोकरी पक्की. मी पेढे आणले, खाजाला दोन जास्त दिले, शेजारधर्म म्हणून. उशीही परत केली. सगळ्यांना सांगितलं, आता ही कायम इथेच, घरूनच काम.

पेढा खाताना पुनम म्हणाली, "पप्पा, मी नांदेडला जाते. दर मीटिंगला आईनं पाणी ओतायचं का?"

मी म्हटलं, एकदा बूस्टर रुळला की काही लागत नाही. ती म्हणाली, राऊटर पुढं घेऊ देता का मग? मी देव्हाऱ्याकडे बघितलं. म्हटलं, दसऱ्याला बघू, नारळ वाढवून, रीतसर. ती हं म्हणाली. हे हं मला आवडलं नाही.

५ मे
नांदेडच्या एसटीत बसवून आलो. खिडकीतून म्हणाली, पप्पा, रोज व्हिडिओ कॉल करते. मी म्हटलं, कर, आपलं नेट जोरात आहे.

बजरंग एक शब्द वावगा बोलला नाही. हाच त्याचा दुष्टपणा.

१० मे
एक गोष्ट हिशेबात धरली नव्हती. दोघांच्या घरात पाणी संपत नाही. पुनमचे कपडे नाहीत, केस धुणं नाही, चहाचा तिसरा कप नाही. नळ येऊन चार दिवस झाले, ड्रम तसेच काठोकाठ. आणि संध्याकाळी कॉल आला की पुनमचा चेहरा दिसतो आणि थांबतो. परवा हसताना थांबला. आम्ही दोघं त्या थांबलेल्या चेहऱ्याकडे बघत बसलो, नंतर आपोआप कट झालं.

कस्टमर केअरला परत फोन केला. बासरी.

१४ मे
सकाळी आंघोळ केली. दुपारी परत केली. चारला अंगण धुतलं, खाजाच्या दोन पिंपांत पाणी दिलं, बानो म्हणाली सदा सुखी राहा. पाच वाजता तिसरी आंघोळ. उकाडा फार आहे. नेटचा काहीही संबंध नाही.

साडेसहाला पुनमचा कॉल आला. स्वच्छ दिसली, जरा वाळलीय. मामीने केलेली भाजी दाखवली, खूप वेळ बोलली. मग विचारलं, पप्पा, केस ओले का?

म्हटलं, उकाडा. सिंधु शेजारीच होती. तिने टॉवेल दिला.