पिवळ्या पागोट्याची वाटणी

मी, योनामिने पेचिन (पेचिन ही दरबारी पदवी, नोकरी नव्हे), राहणार आमच्या बेटांची राजधानी शुरी, राजवाड्याच्या भिंतीखालची गल्ली, वय एकसष्ट, गुडघे सोडून बाकी सगळे ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता (बायको शेजारीच बसली आहे, तरीही) माझ्या मागे काय व्हावे ते लिहून ठेवतो.

घर आणि अंगण बायको माझुरूचे. शुरीत पदव्या फार, नेमणुका थोड्या. मी जन्मभर नेमणुकीची वाट पाहिली आणि घर तिने कापड विणून चालवले. ती म्हणते, "पागोटं तुमच्या डोक्यावर, पण चूल माझ्या मागावर." खरे आहे.

पिवळे पागोटे आणि अंबाड्यातली चांदीची काडी धाकट्या भावाला. तो मला 'बिनकामाचा साहेब' म्हणतो. त्याचा दर्जा खालचा, लाल पागोट्याचा, म्हणून त्याला हे पिवळे घालता येणार नाही. नुसते पाहत बसावे. मला फार समाधान वाटेल.

एकदाच नेमणूक मिळाली. आमच्या राजाला मान्यता द्यायला चिनी दूत येणार होते. सात्सुमा संस्थानाचे जपानी आपल्या मानगुटीवर बसलेत हे त्यांना कळू नये म्हणून गावोगाव जपानी भांडी, गाणी, बोली लपवायला लावायची. म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही मी दटावले. मग मेजवानीत दूताने माझा पेला आवामोरी दारूने भरला आणि मी अस्खलित जपानीत आभार मानले. दूत हसला, त्याने पेला पुन्हा भरला. त्याला सगळे आधीच ठाऊक होते. नोकरी मात्र माझी गेली.

पितरांच्या नावांच्या, देवघरातल्या पाट्या रीतीप्रमाणे थोरल्या मुलाकडे, तारुगानीकडे. तोही नेमणुकीच्या रांगेत आहे. परवा म्हणाला, "बाबा, मी उत्तरेला, कुनिगामीला जाऊन रताळी लावतो. पोरं उपाशी ठेवून खानदान काय चाटायचंय?"

मी ओरडलो, "शुरीचा माणूस चिखलात उतरणार? पितर काय म्हणतील?"

माझुरू माग न थांबवता म्हणाली, "पितरांना नैवेद्य लागतो. रिकाम्या ताटापुढे किती दिवस बसवायचं त्यांना?"

म्हणून लिहितो: तारुगानीने जावे, पाट्या सोबत न्याव्यात. भाऊबंद नाक कापले म्हणून ओरडतील. त्यांना हा कागद दाखवावा. मला पोराची काळजी वाटते, आणि खोटे कशाला बोलू, हेवाही वाटतो. जमीन आत्ता ओली आहे. माझ्या मरणाची वाट पाहू नये. वाट पाहणे या घराण्यात पुष्कळ झाले. त्याने उद्याच निघावे.

साक्षीदार: शेजारी इकेहारा साटुनुशी, वैद्य तोकेशी
सही व शिक्का: योनामिने पेचिन
शुरी, चिनी बादशहा ताओक्वांगच्या राज्याचे बाविसावे वर्ष, तिसरा महिना