कृत्तिकांच्या चित्रातला वन्संचा वाटा

मी, खाली सही करणारी, वय अडुसष्ट, वीज कार्यालयातल्या रस्त्यांवरच्या दिव्यांच्या तक्रार विभागातून निवृत्त, हा कागद माझ्या राहत्या घरी माझ्या हाताने लिहीत आहे. आमच्या डॉक्टरांनी मला काल तपासलं आणि गुडघे सोडले तर बाकी सगळं जागच्या जागी आहे असा दाखला दिला. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. मुलाने घाई केलेली नाही, उलट "आई, आत्ताच कशाला हे?" म्हणून तो फोन ठेवायला बघत होता. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखं काही नाही.

वकीलबाईंनी छापील मसुदा दिला होता. तो बरोबर होता, पण त्यात वन्सं फक्त घराच्या निम्म्या हिश्शापुरत्या आल्या होत्या. म्हणून मी पुन्हा लिहायला घेतलं. वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची धाकटी बहीण. यजमान लवकर गेले. त्यानंतर वन्सं आणि मी या घरात तीसेक वर्षं एकत्र राहिलो. वन्संना जाऊन अडीच वर्षं झाली.

कलम १. घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि वरची गच्ची. निम्मं घर यजमानांच्या मागे माझ्याकडे आलं, निम्मं वन्संनी मला लिहून दिलं. ते सगळं मुलाला मिळावं. त्याने राहावं, भाड्याने द्यावं किंवा विकावं, वाईट वाटून घ्यायला मी नसेन. गच्चीच्या फरशीवर पांढऱ्या रंगाचे तीन ठिपके आहेत. कॅमेऱ्याच्या स्टँडचे पाय रोज त्याच जागी यावेत म्हणून वन्संनी ते काढले होते. नव्या मालकाला ते डाग वाटले तर पुसू द्यावेत.

कलम २. बँकेतल्या ठेवी मुलगा आणि सून यांना सारख्या. भांडण होईल इतकं त्यात काही नाही.

कलम ३. डोळे दान करावेत. चष्म्याचा नंबर मोठा आहे, पण डॉक्टर म्हणतात त्याने अडत नाही.

कलम ४. वन्संचा शिशाचा एप्रन आणि उजेडाची पेटी. वन्सं रुग्णालयात क्ष-किरण विभागात होत्या. "हलू नका. श्वास धरा. सोडा." हे त्यांनी इतक्या माणसांना सांगितलं होतं की घरीही तोंडातून तेच यायचं. सुईत दोरा ओवताना मला म्हणायच्या, वरच्या फळीवरचा डबा काढताना म्हणायच्या. निवृत्तीच्या वेळी विभागाने मोडीत काढलेला जुना एप्रन आणि फोटो बघायची दिव्याची पेटी त्या मागून घेऊन आल्या. पेटी स्वयंपाकघरात लावली. एप्रन दोन वर्षं दारामागे लटकत होता, मग वाऱ्याने स्टँड हलू नये म्हणून त्याच्या मधल्या हुकाला अडकवायच्या कामी आला. पेटी कोपऱ्यावरच्या फोटो स्टुडिओवाल्यांना द्यावी. एप्रन सुनेला, का ते पुढच्या कलमात आहे. उचलताना कंबर सांभाळावी.

कलम ५. ट्रॅकर, कॅमेरा, लेन्स, स्टँड आणि लाल कागद लावलेली बॅटरी हे सगळं सुनेला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहिते. पृथ्वी फिरते म्हणून तारे सरकताना दिसतात. कॅमेरा नुसता उभा ठेवून जास्त वेळ फोटो घेतला तर ताऱ्यांच्या रेघा उमटतात. ट्रॅकर हे डब्याएवढं यंत्र कॅमेऱ्याला ताऱ्यांच्या चालीने हळूहळू फिरवतं. त्याआधी त्याचा आस नीट उत्तरेला रोखावा लागतो, आणि त्यासाठी त्याच्या बारीक दुर्बिणीतून ध्रुवतारा बघून लावतात. हे एकदा जमलं की बाकीचं काम यंत्र करतं. जमायला मात्र वेळ लागतो.

वन्संनी तो आणला तेव्हा मी म्हटलं, "माहितीपत्रक वाचा की आधी."

"वहिनी, मी जन्मभर माणसांच्या आरपार बघितलंय. या डब्याचं काय घेऊन बसलात?"

पहिल्या दिवशी लेन्सचं झाकण काढायचं राहिलं. सगळे फोटो काळे आले. "बघा, एवढा शुद्ध काळोख दुसऱ्या कोणाला जमणार नाही," म्हणाल्या. दुसऱ्या वेळी तारे लिंबाएवढे आले, कारण फोकस चुकला होता. मी हे बघून हसले, तर मला बॅटरी धरायच्या कामाला लावलं. तेव्हापासून थंडीत जेवणं उरकली की आम्ही दोघी शाली घेऊन गच्चीवर. मला त्यातलं फार कळत नव्हतं. त्या फोटो घेत, मी पाठ गच्चीच्या दाराच्या चौकटीला टेकून बसत असे. एकेक फोटो दोन मिनिटांचा. तेवढा वेळ त्या मला बोलू देत नसत. बोलण्याने यंत्र हलत नाही, असं मी एकदा म्हटलं. "तुमच्या बोलण्याने हलेल," म्हणाल्या.

सुनेला का, तर गेल्या थंडीत ती आली होती तेव्हा तिने काही न विचारता एप्रन उचलून हुकाला अडकवला आणि मग म्हणाली, "आई, मला एकदा ध्रुव दाखवा ना, मीच लावून बघते." मुलगा खाली क्रिकेट बघत होता. अट एकच, माहितीपत्रक आधी वाचावं.

कलम ६. शेजाऱ्यांना एक पत्र्याची टोपी. त्यांच्या गच्चीवरच्या हॅलोजनचा उजेड पाण्याच्या टाकीवर पडतो, आणि उरलेला सगळा आमच्या गच्चीवर. टाकी कोणी चोरून नेणार नाही, हे त्यांना वन्संनी सांगून बघितलं, मग मी सांगून बघितलं. "वहिनी, तुम्ही आयुष्यभर गावाचे दिवे लावून दिलेत, आणि माझाच तेवढा डोळ्यात खुपतो होय?" असं ते म्हणाले. म्हणणं खोटं नाही. मी तक्रारी नोंदवून घेत होते तेव्हा एकही माणूस फोन करून दिवा विझवा म्हणाला नव्हता. टोपी मी मापाने करून घेतली आहे, जिन्याखाली आहे. ती दिव्यावर बसवली की उजेड खालीच पडतो, टाकीही दिसते. मला आयुष्यभरात त्यांच्याबद्दल एवढाच राग आला. आजारपणात वन्संना रुग्णालयात पोहोचवायला गाडी त्यांनीच काढली होती, हेही इथे नोंदवते.

कलम ७. कृत्तिकांचं चित्र. हे कलम सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि वकीलबाईंच्या मते यात मिळकत अशी काही नाही. तरी ते वाचावं आणि पाळावं.

वन्संना एकच चित्र हवं होतं. कृत्तिकांचा पुंजका सगळ्यांना दिसतो. त्याच्याभोवती निळसर धूर असतो, तो डोळ्यांना दिसत नाही. पुष्कळ फोटो घेऊन संगणकावर एकावर एक रचले तर तो हळूहळू उमटतो. त्यासाठी वन्संनी तीन थंड्या फोटो घेतले. शेवटच्या आजारात बिछान्यावर संगणक मागून घेतला, एक फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाल्या, "हललेत, वहिनी. सगळे थोडेथोडे हललेत. पुन्हा घ्यायला हवेत." रुग्णालयात त्यांनी हललेली फिल्म डॉक्टरांकडे कधी जाऊ दिली नव्हती. पुन्हा घ्यायला मात्र वेळ उरला नाही.

त्यांच्या मागे वर्षभर मी त्या सामानाला हात लावला नाही. मग एके दिवशी दुपारी माहितीपत्रक काढलं. प्लास्टिकही फोडलेलं नव्हतं. आत चित्र होतं. ध्रुवतारा दुर्बिणीच्या मधोमध आणायचाच नसतो. मधल्या फुलीभोवती लहानसं वर्तुळ असतं, त्यावर त्या त्या वेळेच्या जागी बसवायचा असतो, कारण तोसुद्धा चंद्राच्या रुंदीहून थोडा बाजूला आहे आणि दिवसभरात एक लहानशी फेरी मारतो. आम्ही दोघी शाळेत ध्रुव अढळ असंच शिकलो होतो. वन्सं दर वेळी त्याला बरोबर मधोमध आणत आणि म्हणत, "बसला एकदाचा." मला उठून वर जाऊन त्यांना सांगावंसं वाटलं. जिन्यापर्यंत गेलेही.

मग मी फोटो घ्यायला लागले. दोन थंड्या झाल्या. माझे तारे गोल येतात. यात माझी हुशारी नाही, मी पत्रक वाचलं एवढंच. स्टुडिओवाले ते रचून देतात. त्यांनी वन्संचे फोटो बघितले आणि म्हणाले, "मावशी, तुमचेच घेऊ. ताईंचे घेतले तर तारे शेंगदाण्यासारखे दिसतात."

चित्र पुरं झालं की वाचनालयाने ते भिंतीवर लावायला मागितलं आहे. मुलाला विचारलं. तो म्हणाला, "चांगलं असेल तेच लाव ना. खाली आत्याचं नाव घाल, कोण नाही म्हणतंय? आणि ती डिस्क रिकामी कर, खराब फोटो ठेवून काय करायचं?" त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. आत्याने त्याला लहानपणी खांद्यावर घेऊन फिरवलं आहे. पण नाव ठेवायचं आणि त्यांनी गोळा केलेला उजेड टाकून द्यायचा, हे मला पटलं नाही. हललेलं भिंतीवर लावावं तर ते वन्संना पटलं नसतं.

शेवटी स्टुडिओवाल्यांनाच पुन्हा विचारलं, ताईंच्या फोटोंतलं काहीच घेता येणार नाही का. ते जरा वेळ संगणकावर खुडबुडत बसले.

"तारे बारीक असतात, मावशी, ते जरा हलले तरी कळतं. धूर पसरलेला असतो. तो इतकासा हलला तरी त्याला काही होत नाही."

"म्हणजे धूर त्यांचा चालेल?"

"चालेल काय, लागेलच. तुमच्या एकटीच्या फोटोंत तो नावापुरता आहे. त्यांनी तीन थंड्या गोळा केलाय."

तेव्हा माझी इच्छा अशी. तारे माझ्या फोटोंतले घ्यावेत, म्हणजे हललेलं काही बाहेर जाणार नाही. धूर दोघींच्या फोटोंतून घ्यावा. स्टुडिओवाल्यांच्या मते अजून एक-दोन थंड्यांचे फोटो लागतील. तोवर मी असले तर मी घेईन, नसले तर सुनेने घ्यावेत. वन्संची डिस्क कोणीही पुसू नये. त्यांचे फोटो वगळून जास्त स्वच्छ चित्र होतं असं कोणी दाखवून दिलं, तर ते खरं असेल, पण ते लावू नये. भिंत मोकळी राहिली तरी चालेल.

चित्राखाली आमची नावं घालायची गरज नाही. वाचनालयाच्या लोकांनी आग्रहच धरला, तर "नणंद-भावजय" एवढं लिहावं.

हे सगळं मी शुद्धीवर, उजेडात बसून लिहिलं आणि दोनदा वाचलं. साक्षीला शेजारी यायला तयार होते, पण त्यांना टोपी द्यायची असल्यामुळे वकीलबाई नको म्हणाल्या. खालील दोघांना या कागदाने काही मिळत नाही. त्यांच्या समोर मी सही केली आणि माझ्या समोर त्यांनी.

लिहून ठेवणार : (सही)

साक्षीदार : (सही) आमचे डॉक्टर
साक्षीदार : (सही) वाचनालयाच्या ग्रंथपालबाई

ठिकाण : राहतं घर, गच्चीखालची खोली
दिनांक : १५ फेब्रुवारी २०२६