दातांत धरलेला पदर

नंदुरबार, १२ मे १९३८

आज आमचे साहित्याचे प्राध्यापक घरी जेवायला आले. वर्गात नेहमी सांगतात, घरच्या बोलीतली ओवी आणायला लाजू नका. या भागातल्या जात्यावरच्या ओव्या ऐकायलाच मुद्दाम आलेले. आणि मी? तिची अहिराणी ऐकून हसतील म्हणून सांगून टाकलं, "आईला ऐकू-बोलता येत नाही." हसले असते का? वर्गात तर कधीच कुणाला हसले नाहीत.

आई दारातच होती. तिनं पदर दातांत धरला. सरांनी खुणेनं जेवण छान झाल्याचं सांगितलं, तिनं खुणेनंच भाकरी वाढली. तो पदर शेवटपर्यंत दातांतच!

टांगा गेला. आईनं ताटं उचलली, पदर सोडला आणि हळूच मला विचारलं, "आते बोलू का रे, भाऊ?"