खर्जाला दोन माणसं

होर्न, बुधवार सकाळ

ती. शूर्डदादा,

साष्टांग नमस्कार (गुडघे वाकत नाहीत, तेव्हा खुर्चीत बसूनच घातला आहे असं समज). तुझी तब्येत कशी आहे हे विचारायची सोयच नाही. माझ्याहून पाच वर्षांनी मोठा असूनही तू अजून दर शनिवारी बँडमध्ये तो ट्यूबा नावाचा पितळी रांजण छातीशी धरतोस आणि हार्लिंगेनचं अर्धं बंदर जागं करतोस, हे वहिनीने कळवलंच आहे. तिच्या कानांची तब्येत कशी आहे ते मात्र लिही. माझं म्हणशील तर बरं चाललंय. जिना मधेच थांबून चढतो, आणि त्या थांबण्याला ‘खिडकीतून बाहेर बघणं’ म्हणतो. फोन न करता पत्र का, असं म्हणशील. फोनवर एवढं सगळं सांगायला दम पुरत नाही, कागदावर पुरतो.

नाताळच्या पत्रात तू विचारलं होतंस, “अजून ती शाळेतली पिपाणी फुंकतोस का?” दादा, ती पिपाणी नाही. तिला रेकॉर्डर म्हणतात, ती उभी धरायची लाकडी बासरी असते, आणि शाळेतल्या पोरांच्या हातात असते ती तिची धाकटी बहीण. माझी खर्जाची आहे. जमिनीवर उभी केली तर तुझ्या कमरेला लागेल. ती गुडघ्यांत धरावी लागते आणि फुंकायला वरून एक वाकडी पितळी नळी तोंडापर्यंत आणलेली असते. ती नळी लक्षात ठेव. आम्ही वाजवतो ते सगळं चारशे वर्षांपूर्वीचं. (इतकी वर्षं मिळूनही तुम्हाला ते नीट येत नाही का, हा विनोद तू करायच्या आधीच आमच्या वर्गात होऊन गेलेला आहे.)

वर्ग मंगळवारी संध्याकाळी, चर्चच्या मागच्या खोलीत. खोलीत हीटर आहे, पण तो लावायचा की नाही हे ठरवणारी समिती वेगळी आहे आणि तिची बैठक उन्हाळ्यात होते. थंड लाकडात फुंकलं की आत पाणी साचतं आणि सूर गुळण्या करायला लागतात, म्हणून आल्या आल्या सगळे आपापली बासरी काखेत धरून मुकाट बसतात. माझी काखेत मावत नाही, मी ती कोटात घेऊन बसतो. कॉफीबरोबर एक बिस्कीट मिळतं, मग डब्याचं झाकण बंद. कोणी वारलं की त्याचा स्वरलिपीचा स्टँड वर्गाला द्यायची आमच्यात पद्धत आहे. परिणाम असा झालाय की खोलीत वाजवणाऱ्यांपेक्षा स्टँड जास्त आहेत, आणि नवीन माणूस आला की त्याला कोणाचा स्टँड द्यायचा यावर दबक्या आवाजात चर्चा होते. तरीही दादा, बेकरी विकल्यापासून मी कधी येतोय याची वाट बघणारं आठवड्यात हे एकच ठिकाण उरलंय.

आता मुद्द्याचं. शरद ऋतूत डॉक्टरीणबाईंनी माझ्या छातीचा फोटो दिव्यावर धरला आणि नीट निरखला. मग म्हणाल्या, “वीबे, चाळीस वर्षं पीठ चाळलंत, त्यातलं निम्मं इथे आहे.” फुंकणं बंद. फुगा नाही, मेणबत्ती नाही, बासरी तर नाहीच. नाहीतर काय, असं मी विचारलं. त्यांनी सांगितलं, आणि ते इतकं स्पष्ट सांगितलं की मी त्यांचे आभार मानून कोट उलटा घातला. पुढच्या मंगळवारी मी वर्गाला गेलो. जायचं नाही असं ठरवलं होतं, पण सायकल तिकडेच वळली. बासरी गुडघ्यांत धरली, नळी ओठांना लावली आणि फक्त बोटं हलवली. श्वास एवढासाही नाही. माझ्या शेजारी बोनाकर बाई बसायच्या. त्यासुद्धा खर्जावर, माझीच सुरावट त्यांच्याही कागदावर. म्हटलं, त्या आहेत की वाजवायला. (आमची ही खर्जाची बासरी मुळात इतकी हळू वाजते की माझ्या कानांना ती पूर्वीही फारशी ऐकू येत नव्हती.)

या बोनाकर बाई म्हणजे निवृत्त लॅटिन शिक्षिका. ताठ पाठ, जिभेला धार, आणि खोलीच्या थंडीमुळे हातांत कायम पातळ लोकरी हातमोजे. मला नावाने कधी हाक मारली नाही, नेहमी “काय हो बेकर”. हिवाळाभर आम्ही शेजारी बसून ते एक शोकाचं नाच-संगीत बसवत होतो. हो, नाचसुद्धा शोकाचा, चारशे वर्षांपूर्वीच्या लोकांना सवड होती. आणि आमची मास्तरीण लिडेवाय, जी वर्षानुवर्षं खर्जाच्या नावाने बोटं मोडत आली, ती चक्क खूष. एकदा वाजवणं थांबवून म्हणाली, “खर्ज ऐका जरा. किती छान मिसळतोय! तो आहे हे कळतसुद्धा नाही!” मी नम्रपणे मान खाली घातली. शेजारी बाईंनीही घातली.

गेल्या महिन्यात लिडेवायच्या सूर लावायच्या यंत्राची बॅटरी संपली. ते यंत्र एकच सूर धरून राहायचं आणि आम्ही सगळे त्यात एकदम उडी घ्यायचो, त्यामुळे कोणाचं काय चाललंय ते कळत नसे. त्या दिवशी ती म्हणाली, चला, जुन्या रीतीने खालून वर जुळवू. आधी खर्ज एकटा. “बोनाकर बाई, वीबे, द्या सूर.” आम्ही दोघांनी बासऱ्या सावरल्या. दोघांनी माना हलवून ठेका घेतला. बोटं ठेवली. बाईंनी तर डोळेही मिटले. आणि दादा, त्या खोलीत जी शांतता पसरली तशी मी अंत्यविधीलासुद्धा अनुभवलेली नाही, कारण तिथे निदान कोणीतरी खोकतं. मी बाईंकडे बघितलं, बाई माझ्याकडे. लिडेवाय म्हणाली, “पुन्हा.” आम्ही पुन्हा तितक्याच भावपूर्ण रीतीने काहीच वाजवलं नाही. मग बाईंनी हातमोजे काढून हात पुढे केले. बोटं सगळी आल्याच्या गड्ड्यासारखी सुजून वळलेली, एकही भोक धड झाकता येईना. त्यांना वाटत होतं मी वाजवतोय.

एव्हर्ट म्हणून एक दंतवैद्य आहे आमच्यात, निवृत्त, पण कोणाचंही तोंड उघडं दिसलं की त्यात डोकावणारा. तो म्हणाला, “म्हणजे सबंध हिवाळा आम्ही उभे कशावर होतो?”

“श्रद्धेवर, डॉक्टर,” बोनाकर बाई म्हणाल्या.

कोणी हसलं नाही. लिडेवायच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. “मी तुमचं कौतुक केलं! सगळ्यांसमोर केलं!” एवढं बोलून ती बाहेर गेली आणि परत आली तेव्हा नेहमीच्या शिस्तीच्या आवाजात म्हणाली की वसंताच्या कार्यक्रमाला नेहमीप्रमाणे एकेका सुरावटीला एकच माणूस, खर्जाच्या खुर्चीवर तिला आवाज हवाय, आणि दोन आठवड्यांत तो आला नाही तर ती बाहेरून माणूस आणेल. तिचं काही चुकलं नाही. पण मला घरी जाताना फार वाईट वाटलं, दादा. सायकल हातात धरून चालत गेलो, आणि वारा समोरून होता म्हणून असं स्वतःला सांगितलं.

दुसऱ्याच दिवशी बाईंनी कॉफीला बोलावलं. मला वाटलं, दोन पडलेल्या माणसांनी बसून एकमेकांचं सांत्वन करायचं असेल. तर त्यांनी बिस्किटांचा डबा उघडा ठेवला (उघडा! मी तिथेच सावध झालो) आणि सरळ म्हणाल्या, “बेकर, तुमच्याकडे बोटं आहेत, माझ्याकडे श्वास आहे. नळी वाकडी आहे. ती माझ्याकडे वळवली तर?”

तर आता डोळ्यांसमोर आण: दोन खुर्च्या चिकटवलेल्या, मध्ये माझी बासरी, नळी डावीकडे वळवून बाईंच्या तोंडात, बोटं माझी. रस्त्याकडच्या खिडकीला आपल्याकडे पडदा ओढायची पद्धत नाही, त्यामुळे कुत्रा फिरवणारा प्रत्येक जण थांबून बघायचा. पहिले काही दिवस काय आवाज निघाले ते लिहीत नाही, तुला तुझ्या बँडची आठवण होईल. मी बोट उचलायच्या आधी त्या फुंकायच्या, किंवा त्या श्वास घ्यायला थांबल्या की मी रिकाम्या बासरीवर दोन मात्रा पुढे. शेवटी ठरलं की माझा गुडघा त्यांच्या गुडघ्याला लागला की फुंकायचं, सुटला की थांबायचं. “या वयात हे सुचायला नको होतं,” त्या म्हणाल्या, पण गुडघा हलवला नाही. आणि एका दुपारी तो खर्ज लागला, दादा. जमिनीतून आल्यासारखा. माझ्या मांडीला कंप कळला, कानांना नंतर कळला. बाईंनी नळी तोंडातून काढली आणि म्हणाल्या, “छान वाजवतोस, वीबे. मला अलाइडा म्हण.” माझ्या तोंडून काही ते निघेना, मी “बरं बाई” म्हणालो.

वर्गात दाखवलं तेव्हा एव्हर्टने हरकत घेतलीच, “हे त्या काळाला धरून नाही.” बाई म्हणाल्या, “त्या काळी दात तुमच्याऐवजी न्हावी उपटायचे, मग त्यालाही धरून राहू.” लिडेवायने सबंध नाच ऐकला, मग आणखी एकदा वाजवायला लावला, मग म्हणाली की सूर एक आहे ना, मग माणसं किती ते ती मोजणार नाही. खर्जाची जागा आमची झाली. घरी आल्यावर मी एकटाच असूनही मोठ्याने “वा!” म्हणालो आणि त्याने आलेल्या खोकल्यात पाव तास गेला.

तर कार्यक्रम येत्या रविवारी दुपारी, आमच्याच चर्चमध्ये. तू आणि वहिनी समुद्रावरच्या मोठ्या बांधाच्या रस्त्याने या, हवा बरी असेल असं सांगतायत. ट्यूबा आणू नकोस. वहिनीला नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद.

तुझा धाकटा,
वीबे

ता. क. येताना बंदरावरची धुरी दिलेली वाम मासळी आण, पण गाडीच्या मागच्या बाजूला ठेव. गेल्या वेळी वहिनीच्या कोटाला महिनाभर वास होता.

आणखी ता. क. बोनाकर बाई गेल्या गुरुवारी गेल्या. स्वयंपाकघरात, खुर्चीत. मी सरावाला गेलो, घंटा वाजवत राहिलो आणि शेवटी शेजारीण बाहेर आली. वर लिहिलं नाही, कारण वर लिहिताना त्या होत्या, आणि मला त्यांना मधेच थांबवावंसं वाटेना. त्यांचा स्टँड काल वर्गात आला. तो कोणाला द्यायचा यावर या वेळी कोणी काही बोललं नाही.

शेवटचा ता. क. एव्हर्टने, चक्क एव्हर्टने, “मी फुंकतो” म्हणून हात वर केला, पण मग त्याच्या स्वतःच्या सुरावटीला माणूस उरत नाही. लिडेवाय बाहेरून माणूस आणायचं म्हणत होती, म्हणून मी सांगून टाकलंय की माझा दादा येतोय. तू बँडमध्ये इतकी वर्षं फुंकतोस, इथे त्याच्या शंभराव्या हिश्शाने फुंकायचं, काच श्वासाच्या वाफेने धूसर करतात ना तेवढंच. स्वरलिपी बघायचीही गरज नाही, गुडघ्याकडे लक्ष ठेव. आणि जमणार नसेल तर संकोच करू नकोस, मी एकटाच वाजवीन, डॉक्टरीणबाईंना काय कळणार आहे. मधले सूर आखूड आहेत, ते कसेबसे ओढीन. शेवटचा मात्र आठ मात्रा धरावा लागतो, आणि बाकी सगळे त्याच्यावर उभे असतात. दादा, तेवढ्यासाठी तरी ये.